चौथ्या गोष्टीतला खोकला

सोमवार, २६ ऑक्टोबर. सकाळी १०.
शनिवारी वाचनालयात ह्यांचा सिनेमा दाखवणार. भुताच्या पाच गोष्टी. तीस वर्षांपूर्वी एकच आठवडा चालला, नंतर कुणी नावही काढलं नाही. ध्वनिमुद्रण ह्यांचं. टेप फक्त माझ्याकडे. आधी स्वतः पूर्ण पाहायचा, मग प्रास्ताविक लिहायचं. भुतांवर माझा विश्वास नाही. शिस्तीवर आहे.

मंगळवार. दुपारी १२.
पडदे उघडे ठेवून तीन गोष्टी पाहिल्या. उजेडात छायाचित्रण नीट कळतं. चौथीपाशी थांबले. कपडे वाळत घालायचे होते.

बुधवार.
चौथीत एक बाई रिकामी खोली झाडते आणि मागे कुणीतरी खोकतं. ते हेच. ध्वनिमुद्रण चालू असताना खोकले. दिग्दर्शकाने तसंच ठेवलं. हे जाऊन चौदा महिने झाले. त्याचा इथे संबंध नाही. चूक तांत्रिक आहे. आजही पाहणं जमलं नाही. डोकं जड. हवेमुळे.

गुरुवार.
टेप व्हिडिओवाल्याकडे दिली, डिजिटल करायला. म्हणाला, बुरशी आलीय, एकदाच फिरेल. बजावलं, चौथीतला खोकला काढून टाक. म्हणे, काकू, त्यानेच तर अंगावर काटा येतो. म्हटलं, मला शिकवू नकोस. सुनेने विचारलं, आई, नक्की ना? तिला सांगितलं, दर्जा म्हणून काही असतो.

शुक्रवार.
प्रास्ताविक तयार. चौथ्या गोष्टीवर दोन पानं. न पाहता. अभ्यास असला की पाहावं लागत नाही.

शनिवार. संध्याकाळी ७.
भाषण उत्तम झालं. पहिल्या रांगेत बसले. तिसऱ्या गोष्टीपासून सुनेचा हात धरून होते. तिला भीती वाटते. चौथी लागली. बाईने झाडू उचलला. मी पर्समधून खोकल्याची गोळी काढून हातात धरली. का, कोण जाणे. खोली झाडून झाली. बाई निघून गेली. कुणी खोकलं नाही.
बाहेर लोक म्हणत होते, चौथी जरा फिकी.

रविवार. सकाळी ९.
दुकान उघडायच्या आधीच पायरीवर उभी होते. त्या बाजूला फिरायला जातेच मी. व्हिडिओवाल्याला विचारलं, काढलेला खोकला कुठे ठेवतोस? म्हणाला, ठेवत नाही काकू. टेप तर फिरता फिरता तुटली, टाकून दिली. वर मोठ्या अभिमानाने विचारतो, काल काही ऐकू आलं का?
म्हटलं, काहीही नाही. काम चोख आहे.