बजरंगाची तयारी

लोणावळे, ता. ४ फेब्रुवारी १९२९

ती. दत्तोबाभाऊंस हौशीरामाचा शि. सा. नमस्कार.

आम्ही सर्व खुशाल. तुमच्या बजरंगाच्या नोकरीचे आमच्या साहेबांच्या कानी घातले. माझ्यासारखा फायरमन करतो, दिवाळीनंतर आणा म्हणाले. साहेब पुस्तक विचारत नाहीत, दंड बघतात. घाट चढताना इंजिनाची भट्टी नुसती खा खा करते. फावडे दोन्ही हातांनी चालले पाहिजे. सातवीचे काय ते तुम्ही ठरवा.

वहिनींस नमस्कार. लोभ आहेच, तो असाच राहू द्यावा.

आपला,
हौशीराम


आंबी, ता. २० मार्च १९२९

चि. हौशीरामास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचले आणि त्याच दिवशी बजरंगाला शाळेतून काढले. गोठ्याच्या भिंतीला भट्टीच्या दाराएवढे भोक पाडले आहे. त्यातून तो रोज शंभर फावडी माती आत टाकतो आणि मग तीच बाहेर काढतो. म्हैस बिचारी अंगणात आली. गाव हसते, हसू दे.

मास्तर येऊन गेले. पोर हुशार आहे, वर्षभर थांबा म्हणाले. तुमच्यापेक्षा आमच्या हौशीरामाला पगार जास्त, असे मी बोलून गेलो. बोलायला नको होते.

मुलांना आशीर्वाद. माया पातळ होऊ देऊ नकोस.

दत्तोबा


लोणावळे, ता. ९ जुलै १९२९

ती. भाऊंस शि. सा. नमस्कार.

कसे लिहावे सुचत नाही. घाटात विजेची इंजिने येणार. कोळसा नाही, भट्टीच नाही. वर्षभर रुळांशेजारी खांब रोवताना पाहत होतो. मला वाटले, दिवे लावायचे असतील. साहेब आता म्हणतात, फावडेवाले नकोत, सातवी झालेली मुले द्या. भाऊ, मी तुमच्या पोराचे वर्ष घालवले. रागवा, पण लिहा.

आपला अपराधी,
हौशीराम


आंबी, ता. १५ जुलै १९२९

चि. हौशीरामास आशीर्वाद.

रागावू कुणावर? शाळेतून मीच काढले. मास्तरांचे पाय धरले. भला माणूस, परत घेतो म्हणाला. पण बजरंग जाईना. आबा, तुमी आन् काका सांगताय ते किती दिस टिकंल तेवढं सांगा, असे विचारतो. तू रेल्वेतला, तूच कळव.

दत्तोबा


लोणावळे, ता. २१ जुलै १९२९

ती. भाऊंस शि. सा. नमस्कार.

किती दिवस टिकेल ते मला ठाऊक नाही. बजरंगाला तसेच सांगा.

आम्हा जुन्यांना विजेच्या वर्गात बसवले आहे. पंधरा दिवसांनी परीक्षा. नापास झालेल्याला घरी बसवणार. छापील कागद दिलेत. चारदा वाचले, डोक्यात काही शिरत नाही. घरात अजून बोललो नाही.

रविवारी बजरंगाला इकडे धाडा. मी त्याला काही शिकवणार नाही. त्यालाच म्हणावे, काकाला तेवढे समजावून दे.

लोभाची आज फार गरज आहे.

हौशीराम