आबांनी खणलेला वाफा

शिवरे, २ ऑगस्ट २०२५

ती. मंगलआक्कास,
धाकट्या मोहिनीचा सा. न. वि. वि.

तुला मोबाईलवर नीट ऐकू येत न्हाई, म्हणून पत्र. आमी सगळे बरे. वेल्ह्याला तुमची भातलावणी उरकली का?

तू दिलेली कॉम्फ्रीची रोपं परसात मोकळ्या पडलेल्या वाफ्यात लावली होती. छान धरली होती. पानं पाण्यात कुजवून वांग्यांना खत घालणार होते. परवा बाजारातून आले, तर आबांनी सगळा वाफा खणून ठेवलेला. सासूबाई गेल्यापासून वर्षभर त्यांनी कुदळ हातात धरली नव्हती, आणि धरली ती यासाठी. मी बोलून बसले, तुमाला दुसऱ्याचं कष्ट दिसत न्हाईत का म्हणून. तेव्हापासून ते जेवायला बसत न्हाईत, नुसता चहा घेतात.

तुझी रोपं गेली, आणि घरात हे असं. काय करू?

माया पातळ करू नकोस.
तुझी मोहिनी


वेल्हे, ६ ऑगस्ट

चि. मोहिनीस अ. उ. आ.

लावणी उरकली, कंबर तेवढी धरलीय. रडूबाई, कॉम्फ्री अशी मरत न्हाई. तुटलेल्या मुळ्या गोळा कर. बोटभर लांबीचे तुकडे आडवे ठेव, वर दोन बोटं माती. ओल राहू दे, पाणी साचू देऊ नको. तीन-चार आठवड्यांत कोंब येतील.

आधी आबांची माफी माग. का खणलं, ते विचारलंस का त्यांना?

जिवाला जप, पत्र टाकत जा.
तुझी आक्का


शिवरे, १४ सप्टेंबर

चि. सौ. मंगलताईस,
मोहिनीचा सासरा हैबती याचा रामराम.

मोहिनीनं तुमचं पत्र वाचून दाखवलं, माफीबी मागितली. म्हणून म्याच लिवतो. म्या गवत समजून खणलं न्हाई. आमची चंद्राबाई त्या वाफ्यात मेथी करायची. ती गेल्यावर म्या ती जागा तशीच रिकामी ठिवली. पोरीला कसं ठावं असणार, म्या कदी बोललोच न्हाई. सांगितलं तवा ती म्हणली, आबा, दुसरीकडं लावू. आमी दोघांनी गोठ्यामागं तुकडे लावले. चौतीस उगवले. सकाळी चहाच्या आदी म्या बघून येतो.

आता लई दाटी झालीय. काल मोहिनी जागा हुडकत हुती. म्या तिच्यादेखत दहा रोपं उचलली आन त्या वाफ्यात लावली. चंद्राबाईला रिकामी जमीन बघवायची न्हाई. वरीसभर ठिवली म्हणून मलाच बोलली असती. निम्म्या वाफ्यात मेथी टाकलीय. दिवाळीला या, भाजी निघंल.

लोभ हाय, असाच ऱ्हाऊ द्या.
हैबती