क्रँक, पिस्टन आणि नत्थूजींची चिठ्ठी

१२ जाने. ८३, बुध. हिंगणघाट
वामनच्या मोटारसायकलचा क्रँक तोलात जमला. त्यानेच सांगितलं, मीही पाहिलं. दोन समांतर पोलादी पात्यांवर आडवा ठेवलेला. नव्या पिस्टनच्या वजनाचा ठरलेला हिस्सा दांड्याला टांगलेला. सकाळपासून एकच बाजू खाली लोळत होती. तिथे भोक पाडायचं, पुन्हा ठेवून पाहायचं. पाचव्या भोकानंतर जिथे सोडला तिथे थांबला.
"पाह्य दादा, झोपला आता."
पिस्टनचं वजन मी आणलेलं. परवा बातमीसाठी वडनेरला गेलो होतो, तेव्हा नत्थूजींच्या चांदीच्या काट्यावर करून घेतलं. वडिलांपासूनचे आमचे सोनार. चिठ्ठी त्यांच्या हातची.
नागपूरची शर्यत २३ ला. मागच्या वर्षी हेच इंजिन वर्धा रोडवर चालता चालता जाम झालं, मागचं चाक अडकलं. वामनच्या, माझ्या धाकट्या भावाच्या, गळ्याजवळचं हाड मोडलं, तेवढ्यावर निभावलं. ती बातमी मी पाठवली नव्हती.

१४, शुक्र.
संक्रांत. इंजिन पुन्हा जुळवून बंद करून झालं. जिनिंगमधल्या फिटरकीतून वामनने रजा काढली आहे. तीळगूळ देताना सुनंदा, त्याची बायको: "भाऊजी, तुम्ही सांगा ना त्याईले. तुमचं आयकतेत."
माझं कधी ऐकलं?

१९, बुध.
वडनेर. सुनंदाला पायातल्या जुन्या तोरड्या बदलायच्या होत्या, म्हणून तिच्यासोबत. नत्थूजींनी काट्यावर टाकल्या, चिठ्ठीवर वजन लिहिलं. सुनंदाची नजर बारीक. "काका, काटा तर जास्त सांगून राह्यला."
"घट कापली ना बाई. डाग असते, मळ असते. मोडीच्या मालाले कापावीच लागते."
मी विचारलं, माझ्या पिस्टनची कापली होती का?
त्यांनी काट्याचं पारडं पुसलं. मग, "तेलकट होता तो. चाळीस वर्साचा हात आहे भाऊ, आपोआप चालते."
कापली की नाही?
"नाई सांगता येत."
कापली असेल तर वजन कमी धरलं गेलं. वामनने दांड्यासमोरची बाजू जड समजून नको तितकं लोखंड काढलं. पाच भोकं.
गावच्या सरपंचाचं वाक्यसुद्धा मी दुसऱ्याला विचारल्याशिवाय पाठवत नाही. चिठ्ठी मात्र खिशात घालून एस.टी.त बसलो.
वामनला आज सांगायचं होतं. जेवायला बसला होता, हसत होता. उद्या.

२०, गुरु.
सांगितलं. हसला. "सोनार अन् तू, दोघं मिळून माह्या क्रँकले घट लावली का?" मग हसू थांबलं. गाडी काढून वडनेरच्या रस्त्याने गेला. मी दारात. आवाज दूर गेला, मग ऐकूच येईना. एवढा वेळ लागतो का? परत आला.
"कशी आहे?"
"मस्त."
सुनंदाने चहा पुढे केला. त्याच्या हातात कपबशी वाजायला लागली. त्याने ती खाली ठेवली. "हँडलनं मुंग्या आल्या हाताले. जातीन."
सुनंदाने बशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
बातम्यांचं पाकीट चारच्या एस.टी.ने गेलं. आत काय लिहिलं ते आठवत नाही.

२१, शुक्र.
टाकीखालची पट्टी तडकली. सुनंदाला गाडी पुसताना दिसली. फडकं हातात तसंच. "हे काऊन तुटलं?"
वामनने वाकून पाहिलं. पाने घेऊन बसला. दुपारपर्यंत इंजिन खोललं. पिस्टन पुसून माझ्या हातात दिला. अजून कोमट होता, की मला तसं वाटलं.
इथेच कोणाच्या काट्यावर करू, म्हटलं. नको म्हणाला, दोन काट्यांत फरक निघाला तर पुन्हा घोळ. "त्याच काट्यावर कर. अन् या खेपेले काट्याजवळ उभा राह्यजो."
उद्या वजन चिठ्ठीपेक्षा जास्त भरलं तर तो क्रँकच्या दुसऱ्या बाजूने भोकं पाडणार, दुपारी इंजिन बंद करणार, रविवारी सकाळी नागपूर. चिठ्ठीइतकंच भरलं, तर थरथर कशाची ते कोणालाच माहीत नाही. तेव्हाही इंजिन बंद करणार, रविवारी सकाळी नागपूर. विचारून पाहिलं. "मंग काय घरी बसू?"
दुसरा पिस्टन नाही. मिळायला दोन महिने लागले होते.
वामन नळावर हात धुवायला गेला तेव्हा सुनंदा माझ्याकडे न पाहता म्हणाली, "एस.टी.त लोकाईच्या पिशव्या राहून जातेत, नाई भाऊजी?"

पिस्टन जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत ठेवला आहे. पिशवी तिने दाराशी आणून ठेवली. एस.टी. साडेआठची. नत्थूजी दहाला दुकान उघडतात.