चैतीचं वजन

सूर्यमाळ,
४ जुलै २०२४

ती. बाबांस,
मीनाचा साष्टांग नमस्कार आणि प्रभूच्या नावात सलाम.

तुमच्या कानाला फोन ऐकू येत नाही आणि आमच्या पाड्याला रेंज नाही, म्हणून जीपवाल्या सोम्याच्या हाती हे पत्र. तो चहा मागेल. बिनसाखरेचा द्या. त्याला साखरेचा आजार झालाय, पण गडी कबूल करत नाही.

बातमी चांगली आहे, बसून वाचा. आमच्या नव्या पर्यवेक्षिका बाई आल्या होत्या. माझ्या अंगणवाडीतलं एकही मूल यंदा लाल पट्ट्यात, म्हणजे अतिकुपोषित, निघालं नाही, तर जव्हारच्या जागेसाठी त्या माझं नाव पाठवणार आहेत. जव्हारला खोली, नळाचं पाणी आणि तुम्ही माझ्याजवळ! मला तर आत्तापासूनच तुमचं घोरणं ऐकू येतंय.

काल वजनं घेतली. सगळी पोरं हिरव्या नाहीतर पिवळ्या पट्ट्यात बसली. पाड्यातल्या ठकीची लेक चैती तेवढी काठावर होती. दीड वर्षाची झाली तरी चालत नाही, नुसती माझं बोट धरून हसते. तिच्या कमरेचा चांदीचा करदोडा आणि पायातले वाळे आजी काढू देत नाही. उघडं मूल काट्याला टांगलं की नजर लागते म्हणते. मी वाद घातला नाही, होती तशी तोलली. सात किलो चारशे भरली, म्हणजे पिवळ्यात. लाल निघाली असती तर ठकीला ऐन आवणीत, भातलावणी सोडून, तिला घेऊन जव्हारच्या दवाखान्यात चौदा दिवस राहावं लागलं असतं. तिचंही बरंच झालं.

गुडघ्यांना तेल लावता की नुसतं बाटलीकडे बघता, ते खरं खरं कळवा. माया आहे तशीच असू द्या.

तुमची,
मीना

दाभोसा,
११ जुलै २०२४

चि. मीना हिस,
अनेक आशीर्वाद. प्रभू तुला सांभाळो.

सोम्यानं चहा घेतला आणि माझी पाठ वळताच डब्यातली साखर घातली. वर मलाच विचारतो, म्हातारबा, चहा गोड कसा झाला?

तुझं पत्र तीनदा वाचलं. जावईबापू गेल्यापासून तू तिथं एकटी आणि तुझी आई गेल्यापासून मी इथं एकटा. दोन चुली कशाला पेटवायच्या, असं मी रोज प्रार्थनेत म्हणायचो. देवानं शेवटी ऐकलं. आईचा फोटो भिंतीवरून काढून, पुसून कापडात बांधून ठेवलाय. कोंबड्या शेजारच्या जगनला देऊन टाकल्या. लंगडी तेवढी ठेवली, ती आपल्याबरोबर जव्हारला येईल.

बाईंचं मन मोडू नकोस. बाकी तू शहाणी आहेस. तेल लावतो. रोज नाही, पण लावतो. आठवण ठेव या म्हाताऱ्याची.

तुझा,
बाबा

सूर्यमाळ,
९ ऑगस्ट २०२४

ती. बाबांस,
सा. नमस्कार व सलाम.

चैती गेली, बाबा. मंगळवारी. तीन दिवस छाती भरली होती. पावसानं रस्ता खचलेला, जीप उशिरा आली. मी आणि ठकी तिला घेऊन निघालो, पण घाट उतरायच्या आतच ठकीच्या मांडीवर तिनं मान टाकली. तरी आम्ही दवाखान्यापर्यंत नेली. डॉक्टर म्हणाले, पोरीत ताकदच उरली नव्हती. महिन्याआधी आणली असती तर हातात काहीतरी होतं.

माती द्यायच्या आधी आजीनं करदोडा आणि वाळे काढले आणि मला धरायला दिले. केवढे जड होते, बाबा! आणि हे मला तेव्हाच कळलं असं नाही. तोलताना माहीत होतं. काटा लालवरून पिवळ्यात सरकला तेव्हा मी मनात जव्हारची खोली झाडत होते.

ठकी माझा हात धरून म्हणाली, ताई, तुम्ही किती केलंत माझ्या लेकीचं. बाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, मूल गेलं, आता आकडा बदलून ते परत येणार आहे का? तुझं नाव वर गेलंय, गप्प राहा. पाड्यात कुणाला काही माहीत नाही. कधी कळणारही नाही.

तुम्ही सांगाल तसं करीन. गप्प राहा म्हणालात तर गप्प राहीन. माझ्यासाठी प्रार्थना करा.

मीना

दाभोसा,
१३ ऑगस्ट २०२४

चि. मीना हिस,
आशीर्वाद.

गप्प राहा, असंच मी आधी लिहिलं होतं. ते पत्र चुलीत घातलं. आता हे खरं लिहितोय.

जुलैत तुझं पत्र वाचताना करदोड्याच्या ओळीवर मी थांबलो होतो. मला कळलं होतं, पोरी. काढून पुन्हा तोल, एवढं लिहायला कितीशी शाई लागली असती? पण मला तुझ्याजवळ यायचं होतं. मोह काही वाघासारखा डरकाळी फोडत येत नाही. पाहुण्यासारखा येतो, आपणच त्याला चटई टाकतो. मी चटई टाकली आणि वर देवानं ऐकलं म्हणून आभारही मानले. हे पाप तुझ्या एकटीचं नाही.

सांग. आधी ठकीला, मग कचेरीत. नोकरी जाईल, पाडा तोंड फिरवेल. तरी सांग. आपण प्रभूचं नाव लावतो ते फक्त रविवारी गाणी म्हणायला नाही. मी आलो असतो, पण हे पाय घाट चढू देत नाहीत. येत्या रविवारी, तू तिच्या दारात जाशील त्या वेळी, मी इथं गुडघे टेकून असेन. दुखले तरी उठणार नाही.

बाबा

सूर्यमाळ,
२५ ऑगस्ट २०२४

ती. बाबांस,
सा. नमस्कार व सलाम.

गेल्या रविवारी उपासना झाल्यावर ठकीच्या घरी गेले आणि सगळं सांगितलं. आजीनं दार लावून घेतलं. ठकी रडली नाही, शिव्याही दिल्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी बाईंना लिहून दिलं. त्या खूप संतापल्या. जव्हारची जागा गेली, आणि चौकशी होईपर्यंत कामही काढून घेतलं.

शुक्रवारी अंगणवाडीची किल्ली द्यायची होती. गुरुवारी ठकी अंगणवाडीत आली. पदरातून करदोडा आणि वाळे काढून तिनं काट्याच्या झोळीत ठेवले. तिला आकडे वाचता येत नाहीत, म्हणून किती भरले ते मला विचारलं. मी म्हटलं, तीनशे ग्रॅम. मग तिनं विचारलं, तर माझी चैती किती होती? सात किलो शंभर, मी सांगितलं. ती म्हणाली, तेवढंच लिही.

मी जुना आकडा खोडला, खरा लिहिला आणि खाली सही केली. तिनं चांदी पदरात बांधली आणि गेली. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही.

बाबा, मी इथंच राहणार. मजुरीला जाईन, नागली निंदायला बायका लागतातच. खरं सांगून दाभोशाला पळून आले तर ते पळणंच झालं. तुम्हाला एकटं ठेवते, त्याची क्षमा करा. जगनकडून कोंबड्या परत आणा.

आणि आईचा फोटो पुन्हा भिंतीवर लावा.

तुमची,
मीना