डाव्या बाजूची जागा

॥ श्री ॥
शिळफाटा, खोपोली
मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १८५६

रा. रा. आबाजी भाऊजी यांस चंद्राबाईचा नमस्कार.

इकडे सर्व क्षेम आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. वैनींचा खोकला थांबला का? आल्याचा रस मधातून द्या.

चार घरं टाकून राहणाऱ्याला पत्र कसलं लिहिता, म्हणाल. पण तुम्ही येता ते फाट्यावरच्या मोटारवाल्यांचं सगळं मंडळ बरोबर घेऊन. अंगणात मोटारी लागतात, चहाचं आधण चढतं, आणि मी दाराआडून ऐकायचं. एवढ्या पुरुषांत मला बोलता येत नाही. वडिलांनी चौथीपर्यंत शिकवलं, ते आज कामाला आलं.

आधी उपकार. घाटात लॉरीनं आमची मोटार कठड्यावर दाबली आणि काच घुसून यांचा डावा डोळा गेला, तेव्हा मंडळ होतं म्हणून हे जगले. कोंडाजीनं यांचं डोकं मांडीवर धरून मुंबईचं इस्पितळ गाठलं. यांची मोटार तुम्ही आळीपाळीनं चालवलीत, माझी चूल विझू दिली नाहीत. सख्ख्या दिरांनी केलं नसतं. हे मी विसरले तर माझ्या तोंडात माती पडो.

पण मोटार पुरे आता, किराण्याचं दुकान घालू, असं मी म्हटलं मात्र, सगळे माझ्यावर तुटून पडलात. "वैनी, भिवाला तराजू धरून बसवता? आमी काय मेलो हाय?" आणि वर्गणी काढून मुंबईहून काचेचा डोळा आणलात. काय तो डोळा! बुबुळ यांच्यासारखंच पिंगट. परवान्याच्या साहेबापुढं हे ऐटीत उभे राहिले, साहेबाला पत्ता लागला नाही, आणि तुम्ही फाट्यावर बत्तासे वाटलेत. वर म्हणालात, "डाव्या बाजूच्या जागेवर मी बसंन. भिवाचा डावा डोळा मी."

सगळ्या गावात एकट्या ठमीनं मला विचारलं होतं. वाडीवरची ठाकरीण, दारी मोळी टाकायला यायची ती. यांच्याकडे बघत राहिली नि हळूच म्हणाली, "बाय, दादाला त्या अंगाचा दिसतो का गं?" मी तिच्यावर वसकन ओरडले. पुन्हा तिनं विचारलं नाही.

पहिल्या फेरीला मला माहेरी, खालापूरला न्यायचं ठरलं. मोटारीला झेंडूचे हार, हे चक्राशी, तुम्ही डावीकडे, मी मागे. साजगाव मागं पडलं आणि तुम्ही पेढ्यांचा पुडा सोडलात. पार मागं वळून माझ्यापुढं हात केलात. "घ्या वैनी, तोंड गोड करा. तुमचा धनी परत मोटारीवर बसला."

मी पेढा घेतला आणि तुमच्या खांद्यावरून मला ठमी दिसली. डोक्यावर मोळी, डावीकडच्या कडेनं चालली होती. कडेनंच, भाऊजी. आडवी आली नाही, पळाली नाही. मी किंचाळेपर्यंत मोळीतली लाकडं काचेवर आदळली होती.

तिचा पाय गुडघ्यापासून कापला. आणि तुमच्या बैठकीत ठरलं काय, तर बाई एकदम आडवी आली. त्या दिवशी कर्जतला असलेला कोंडाजीही आता सांगत सुटलाय की मी मागच्या मोटारीतून बघितलं! उद्या खालापूरच्या कचेरीत मीही तेच सांगायचं, असं बजावून गेलात. जाताना हात जोडलेत. अहो, हात कसले जोडता?

काल मी वाडीवर गेले. तुमचं तांदळाचं पोतं माझ्याआधी पोचलं होतं. ठमी कुडाला टेकून बसली होती. मला बघून म्हणाली, "तू सांगशील तसाच सांगीन मी, बाय. दादाला तुरुंगात नाय जाऊ द्यायचा." पाय घेतला, आता तिची जीभही घेणार आपण? मला तिथं बसवेना. लाज वाटली, भाऊजी, माझी आणि तुमच्या त्या पोत्याची.

घरी येऊन यांना सगळं सांगितलं. यांनी डोळा काढून बशीत ठेवला आणि म्हणाले, "मला ती दिसलीच नाय गं. सांग कचेरीत. पन आबाजीचं नाव काढू नको. त्यानं माझ्यासाठी लई केलंय."

अजून तुम्हालाच सांभाळतात. माझा जळफळाट होतो, पण यांचा शब्द मी मोडणार नाही. यांना डाव्या बाजूचं दिसत नाही आणि ठमी कडेनं चालली होती, एवढंच सांगीन. यांना शिक्षा होईल, मोटार जाईल, तुम्ही आमच्या दारावरून तोंड फिरवून जाल. जा. पण डाव्या बाजूच्या जागेवरचा माणूस त्या वेळी कुठं बघत होता, असं साहेबांनी विचारलं तर उत्तर तुम्ही द्यायचं. मी फक्त तुमच्याकडे बघत उभी राहीन.

सोबत पुडीत, कापसात गुंडाळून, तो डोळा पाठवते आहे. मंडळाचा आहे, मंडळाकडे राहू द्या. कचेरीत येताना आठवणीनं आणा, साहेब बघायला मागतील.

त्याच पुडीत पेढाही आहे. मी तो खाल्लेला नाही.

तुमच्या भिवाची बायको,
चंद्राबाई