मागची भिंत

प्रिय सुआले,

नांपुलाच्या विद्यापीठातून सुट्टीला घरी आले त्याच सकाळी झुलेकाच्या आईच्या अंगणात तुझ्या नव्या घराची आखणी चालली होती. नवऱ्याने बायकोच्या आईच्या दारात घर बांधायचं ही आपली रीतच. पण ते अंगण नेमकं आमच्या कुंपणाला लागून असावं, हे काही रीतीत नव्हतं. मी बघत उभी राहिले तशी आई मागून म्हणाली, "शिकून डोळे अधू केलेस, उरलेले आता दुसरीच्या नवऱ्याकडे बघून घालव. नाहीतर ती पदवी अंगणात पेर, एखादा जावई उगवला तर!"

विद्यापीठातल्या पहिल्याच दिवशी सरांनी भूमितीचा अर्थ विचारला होता, ते मी तुला फोनवर सांगितलेलं आठवतं? मुलं त्रिकोण, कोन, सूत्रं म्हणत राहिली. सर म्हणाले, जमीन मोजणं, मूळ अर्थ एवढाच. माझा ऊर भरून आला. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि ही विद्या तर घरं बांधणाऱ्या माझ्या अबाकारमामांच्या हातातली निघाली! दोन सारख्या दोऱ्या मधोमध एका गाठीत बांधायच्या, टोकं ताणायची, की चार कोपरे मिळतात. तू म्हणालास, "मग तुझ्या अंगणात मी टोकं ताणतो, तू गाठ धर." तेवढ्या शब्दांवर मी परीक्षा दिल्या.

गाठ झुलेकाने धरली. तोंडाला उगाळलेल्या मुसिरोच्या लाकडाचा पांढरा लेप, आणि त्यातून ते हसणं. अबाकारमामा ओरडले, "हलू नकोस गं पोरी, अख्खा संसार मुठीत आहे तुझ्या!" तशी ती आणखीच हसली. तू दोरीकडे बघतच नव्हतास, तिच्याकडे बघत होतास. माझ्याकडे असं कधी बघितलं होतंस का, ते आठवत बसले. चौकोन आणि आयत यातला फरकही तिला सांगता यायचा नाही, असं मनात आलं आणि फार बरं वाटलं.

सुआले, तुझी मागची भिंत पुढच्या भिंतीपेक्षा आखूड आहे. तू दोऱ्या कोपऱ्याकोपऱ्यांत लावून बघितल्यास, दोन्ही सारख्या भरल्या, आणि "जमलं!" म्हणालास. पण दोऱ्या सारख्या असून भागत नाही, गाठही दोन्हींच्या बरोबर मध्यावर लागते. ती मागे सरकली होती. मला ते तेव्हाच दिसलं. छप्पर बसेना की तुझी फजिती बघायची, म्हणून मी गप्प राहिले. खांब तर उभे राहिलेच, उद्या तुम्ही त्यांच्यामध्ये माती भरणार, असं आई म्हणाली, म्हणून हे लिहिते आहे. मागचे कोपऱ्याचे खांब दोन्हीकडे सारखे बाहेर घे, मागची भिंत पुढच्या मापाची कर. आणि गाठ कोणाच्या हातून सरकली, ते झुलेकाला जरूर सांग. एवढं तरी मला मिळू दे.

तुझीच, आता फक्त कुंपणापलीकडची,
मुआनेमा