माझा रुसवा, तिची बशी

मंगळवार, संध्याकाळ. पुंडलिकनगर.

यांचा नवा मारवाडी व्हिडिओ आला. शहागंजात शेठजींच्या साडीच्या दुकानात काम करता करता हे मारवाडी बोलायला शिकले, अन् आता मोबाईलवर हिरो झालेत. हिरोईन ती सोनल.

मला भाषा कळत नाय, म्हणून शेजारच्या मारवाडी भाभींना सोबत बसवलं. त्या सांगत गेल्या. बायको रुसून माहेरी जाते. नवरा फोनवर म्हणतो, बसनं ये. ती येत नाय. मग हा स्वतः आणायला जातो, सगळ्यांसमोर माफी मागतो, अन् चहा बशीत ओतून, फुंकर घालून तिच्यापुढं धरतो.

अरे, ही तर माझी गोष्ट! दिवाळीनंतर मीच वैजापूरला माहेरी रुसून बसले होते. "एसटीनं ये," म्हणले होते हे. अन् मी आले की मुकाट्यानं, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन. कुठली माफी अन् कुठली बशी?

भाभी म्हणाल्या, "लई नशीबवान आहात हो! किती प्रेमानं समजूत काढतात!"

ती बशी डोळ्यांसमोरून हलत नाय. किती हळू फुंकर घालत होते. अभिनय असेल, मान्य. मग घरी निदान अभिनय तरी करावा ना?

आत्ता हे घरी आले.

"कसा वाटला गं?"

"छान."

"पुढच्या भागाला काहीतरी सुचव ना."

भांडण पार ओठांवर आलं होतं, पण गिळलं. रुसायचं मी, अन् पुढच्या भागात समजूत निघायची त्या सोनलची.